कुत्र्या-मांजरांच्या उपचारांत पूरक पद्धतींची जोड कशी द्यावी

परळच्या आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. बंड्या हा आमचा लॅब्राडोरच्या वळणाचा मिश्र जातीचा कुत्रा. तो अकरा वर्षांचा झाला त्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरून उतरताना तो दर चार पायऱ्यांनी थांबू लागला. एक्स-रेमध्ये खुब्याच्या दोन्ही सांध्यांची झीज दिसली आणि डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम हे वेदना व सूज कमी करणारे औषध सुरू केले. त्याच आठवड्यात सासूबाईंनी स्वतःच्या गुडघ्यांसाठी आणलेल्या गुग्गुळाच्या गोळ्या त्याच्या भातात कुस्करायला सुरुवात केली, मी हळद व मिरपूड तुपात परतून देऊ लागले, आणि रात्री त्याच्या कमरेला कापूर घातलेले तिळाचे तेल चोळले जाऊ लागले. नवव्या दिवशी त्याला उलटी झाली आणि त्याची शी डांबरासारखी काळी व चिकट झाली. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "आणखी काय काय देताय?" त्याचे उत्तर द्यायला आम्हाला दहा मिनिटे लागली, कारण कोणी काय, किती आणि केव्हापासून दिले हे घरातल्या एकालाही पूर्ण ठाऊक नव्हते.

काळी शी म्हणजे पोटात किंवा आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव झाल्याचे लक्षण असते. तो रक्तस्राव एकट्या मेलॉक्सिकॅमने झाला असेल, हळदीने रक्त गोठण्याची क्रिया किंचित मंदावल्यामुळे वाढला असेल, किंवा मिरीतल्या पिपरिनमुळे औषध शरीरात जास्त वेळ राहिले असेल. यांपैकी नेमके काय घडले हे डॉक्टरांना सांगता आले नाही, कारण आम्ही चार गोष्टी एकाच आठवड्यात सुरू केल्या होत्या. सर्व काही बंद करून पोटाची औषधे दिल्यावर बंड्या आठवडाभरात सावरला. त्यानंतर आम्ही एक दोनशे पानी वही आणली आणि पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्या वहीतून आले आहे. मी पशुवैद्य नाही, त्यामुळे येथे कोणत्याही औषधाची मात्रा दिलेली नाही. ती आपल्या प्राण्याला तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्यावी.

आधी निदान

पूरक उपचार, ज्यांना अलीकडे होलिस्टिक उपचार म्हटले जाते, हे निदान झालेल्या आजाराला जोडायचे असतात. लक्षण पाहून ते सुरू करू नयेत. लंगडणे हे एकच लक्षण सांध्यांची झीज, गुडघ्यातला अस्थिबंध तुटणे, गोचिडताप आणि हाडाचा कर्करोग या चारही आजारांत दिसू शकते, आणि या चारांवरचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांचा, म्हणजे मुंबईतल्या कितीतरी घरांत असलेल्या पॉमेरेनियनांचा, रात्रीचा खोकला घशाचा वाटतो आणि पुष्कळदा तो हृदयाच्या झडपेच्या आजाराचा निघतो. अशा कुत्र्याला घरी ज्येष्ठमधाचा काढा दिला जातो. ज्येष्ठमध शरीरात मीठ व पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम कमी करतो. त्यात हृदयासाठी लघवी वाढवणारे औषध चालू असेल तर पोटॅशियम आणखी घसरते. माणसाच्या घशाला जो काढा मानवतो तोच काढा या कुत्र्याच्या हृदयावर भार टाकतो.

निदानासाठी मुंबईत सोय आहे. परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि तिथेच १८८३ पासूनचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. आपल्या भागातले नेहमीचे डॉक्टर अवघड प्रकरण अशा ठिकाणी पाठवतात, आणि त्यांनी तसे सुचवले तर त्यात कमीपणा मानू नये. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे प्राण्यांवर उपचार करण्यासाठी पशुवैद्यकाची मान्य पदवी आणि परिषदेकडे नोंदणी लागते. कुत्र्याला सुया टोचणाऱ्या किंवा चूर्ण देणाऱ्या व्यक्तीलाही नोंदणीविषयी विचारावे. नम्रपणे विचारले तर खऱ्या पशुवैद्याला त्याचा राग येत नाही. माणसांचा वैद्य कितीही विद्वान असला तरी कुत्र्याचे यकृत कसे चालते हे त्याला शिकवलेले नसते. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाने घोड्यांची आणि पालकाप्याच्या नावाने हत्तींची जुनी वैद्यकपरंपरा आहे. ती राजांच्या पागा आणि पिलखाने यांतून वाढली. आपल्या सोफ्यावर झोपणाऱ्या चार किलोच्या मांजरीसाठी त्या परंपरेतून मात्रा शोधणे योग्य होणार नाही.

ज्या वेळी थेट दवाखानाच

काही वेळा अशा असतात की घरगुती उपायात गेलेला तास परत मिळत नाही. बोका लघवीच्या जागी वारंवार बसतो, जोर करतो आणि थेंबही येत नाही, अशी त्याची मूत्रनलिका तुंबलेली असेल तर तो दोन दिवसांत दगावू शकतो. नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतरच्या महिना-दोन महिन्यांत मलूल होते, खूप पाणी पिते आणि तिच्या अंगावरून घाण जाते, तेव्हा गर्भाशयात पू झालेला असू शकतो. मोठ्या कुत्र्याचे पोट ढोलासारखे फुगते आणि तो नुसती ओकारी काढतो, तेव्हा जठराला पीळ पडलेला असू शकतो. फिट येणे, हिरड्या पांढऱ्याफटक पडणे, झोपेतही धाप लागणे, पिल्लाला रक्ताचे जुलाब होणे, मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड न लावणे, या सर्वांत वही, काढा आणि सुया बाजूला ठेवून टॅक्सी गाठावी.

मुंबईच्या पावसाळ्यातील दोन आजारांविषयी थोडे अधिक लिहायला हवे. पहिला लेप्टोस्पायरोसिस. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर माणसांनी घ्यायची काळजी महानगरपालिका दर पावसाळ्यात सांगते. हाच आजार उंदरांच्या मुतातून कुत्र्यालाही होतो, त्याची मूत्रपिंडे व यकृत निकामी करतो आणि त्याच्या लघवीतून घरातल्या माणसांपर्यंत येऊ शकतो. त्यावर प्रतिजैविके आणि सलाईन हेच उपचार आहेत, आणि लस दरवर्षी घ्यावी लागते. दुसरा गोचिडताप. एर्लिकिया या प्रकारात डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण चार आठवडे द्यावे लागते, आणि प्लेटलेट्स घसरल्याचा रिपोर्ट हातात पडताच घरातले कोणीतरी पपईच्या पानांचा रस सुचवते. या दोन्ही गोष्टी एकदम सुरू केल्या की काही दिवसांत प्लेटलेट्स वाढतात आणि श्रेय रसाला जाते. मग पुढच्या वेळी गोळीपूर्वी रस दिला जातो. शिवाय डॉक्सिसायक्लिनने आधीच मळमळते. त्यावर तो कडू रस पाजला आणि कुत्रा ओकला तर गोळीही बाहेर पडते. आम्ही गोळी जेवणासोबत दिली, कॅल्शियमचे व लोहाचे टॉनिक तिच्यापासून दोन तास दूर ठेवले, आणि रस दिला नाही.

रेबीजविषयी एकच वाक्य: चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन माणसाने आणि प्राण्याने त्याच दिवशी लसीसाठी जावे, या आजाराची लक्षणे एकदा सुरू झाली की कोणतीही चिकित्सा चालत नाही.

काय जोडण्यासारखे आहे

माझ्या मते सर्वांत परिणामकारक पूरक उपचार म्हणजे वजन, आणि तो कोणत्याही बाटलीत मिळत नाही. ४८ लॅब्राडोर कुत्र्यांना जन्मभर सांभाळून केलेला एक प्रसिद्ध अभ्यास २००२ मध्ये छापला गेला. त्यात ज्या कुत्र्यांना आपल्या जोडीदारापेक्षा पाव हिश्शाने कमी अन्न मिळाले ती जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांच्या सांध्यांची झीजही उशिरा दिसू लागली. बंड्या तेव्हा ३६ किलोंचा होता. चहाबरोबरची बिस्किटे, सासऱ्यांच्या ताटातला पोळीचा शेवटचा तुकडा आणि मुलांनी टेबलाखाली सोडलेले सगळे बंद करून, जेवण वाटीऐवजी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून दिले, तेव्हा तो पाच महिन्यांत ३१ किलोंवर आला. दुसरी गोष्ट फरशी. मुंबईच्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात आणि प्रत्येक वेळी उठताना सांध्याला हिसका बसतो. झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबराच्या मॅटची वाट घालावी, तळव्यांमधले केस कापावेत, नखे वाढू देऊ नयेत. यासाठी डॉक्टरांच्या परवानगीची वाट पाहण्याचीही गरज नाही.

फिजिओथेरपीचा क्रमांक त्यानंतरचा. जुनाट सांधेदुखीत व्यायामापूर्वी दहा-पंधरा मिनिटे कोमट शेक द्यावा. नव्या दुखापतीत पहिले दोन-तीन दिवस मात्र थंड शेकच द्यावा, गरम शेकाने सूज वाढते. बसून उठण्याचा साधा व्यायाम, पाय हलकेच वाकवणे व सरळ करणे, पाण्यातला ट्रेडमिल, हे सर्व पशुवैद्याने एकदा करून दाखवल्यावरच घरी किंवा केंद्रात करावे. ओमेगा-३ असलेले माशाचे तेल सांध्यांच्या आजारात उपयोगी पडते याला बऱ्यापैकी आधार आहे, परंतु त्याचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि जास्त दिल्यास जुलाब होतात. कॉड माशाच्या यकृताचे तेल ही वेगळी वस्तू आहे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असल्याने ते आपल्या मनाने वाढवत नेणे धोक्याचे आहे. शाकाहारी घरांत जवसाचा पर्याय निघतो, पण जवसातल्या ओमेगा-३ चे शरीराला हवे असलेल्या रूपात रूपांतर कुत्र्यात थोडेच होते आणि मांजरात जवळजवळ होतच नाही. जवसाची चटणी तर मुळीच देऊ नये, कारण तीत लसूण असतो.

अॅक्युपंक्चरविषयी माझे मत अनुकूल आहे, पण मर्यादित. पाठीच्या मणक्यांतील चकती सरकल्याने अधू झालेल्या कुत्र्यांमध्ये, विशेषतः डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या जातींत, नेहमीच्या उपचारांना त्याची जोड दिल्यास लाभ झाल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. सांधेदुखीत पुरावा कमकुवत आहे. सुया केसासारख्या बारीक असतात आणि बहुतेक कुत्री वीसेक मिनिटे शांत पडून राहतात. गाठीच्या जागी सुई टोचू नये, रक्त न गोठण्याचा आजार असेल तर टोचू नये, आणि फिट येणाऱ्या प्राण्याला सुईतून वीजप्रवाह देऊ नये. मुंबईत हे शिकलेले नोंदणीकृत पशुवैद्य मोजके आहेत, म्हणून पहिल्या भेटीपूर्वी फोनवर त्यांची पदवी, प्रशिक्षण आणि ते किती बैठकांनंतर निर्णय घेतात हे विचारून घ्यावे. "आयुष्यभर करावे लागेल" असे पहिल्याच दिवशी सांगितले गेले तर मी तिथे परत जाणार नाही.

होमिओपॅथीचा आग्रह आमच्याही नात्यात आहे, आणि त्यामागची माया मला समजते. मात्र नीट आखलेल्या चाचण्यांत ती प्राण्यांवर औषध नसलेल्या गोळीपेक्षा अधिक परिणाम करते असे सिद्ध झालेले नाही, म्हणून तिच्या भरवशावर एकही दिवस उपचार लांबवू नयेत असे मी स्पष्टपणे लिहीत आहे.

स्वयंपाकघर, देव्हारा आणि औषधांचा डबा

सर्वाधिक सावधगिरी इथे लागते, कारण या वस्तू घरातच असतात आणि त्या आपल्या आजीच्या हातच्या असतात.

गळवावर परतलेल्या कांद्याचे पोटीस बांधण्याची रीत घराघरांत आहे. कुत्रा ते बांधल्यापासून पाच मिनिटांत दातांनी सोडवतो आणि खातो. कांदा, लसूण, कांद्याची पात, शिजवलेली असो वा वाळवलेली, कुत्र्याच्या आणि त्याहून जास्त मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. हा परिणाम लगेच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर पोटिसाची आठवण कोणालाच राहिलेली नसते. लसूण दिल्याने गोचीड पळतात, ही समजूतही याच कारणाने सोडून द्यावी.

कापूर घातलेले खोबरेल तेल खाजेवर लावले जाते. कापूर कातडीतून शोषला जातो, प्राणी तो चाटतोही, आणि जास्त प्रमाणात गेल्यास फिट येते. टी ट्री तेलाचे दाट थेंब मानेवर टाकल्याने कुत्री-मांजरे थरथरू लागतात, त्यांच्या पायांतले बळ जाते. मांजराच्या यकृतात अनेक द्रव्ये निष्प्रभ करून बाहेर टाकणारी एक रासायनिक वाट फारच अरुंद असते, त्यामुळे सुगंधी तेलांपासून औषधांपर्यंत कितीतरी गोष्टी तिच्या अंगात साचतात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन असलेले गोचिडाचे थेंब मांजराला लावणे हाही तितकाच मोठा अपघात आहे. माणसांच्या काही पातळ औषधांत साखरेऐवजी झायलिटॉल असते आणि ते कुत्र्याची रक्तातली साखर एकदम पाडते. बंड्याला नंतर गॅबापेंटिन हे वेदनेवरचे औषध दिले गेले तेव्हा डॉक्टरांनी मुद्दाम कॅप्सूल लिहून दिली ती याच कारणाने.

आयुर्वेदिक औषधांविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि म्हणूनच ती तूप-भातासारखी निरुपद्रवी मानली जाऊ नयेत असे मला वाटते. ज्या द्रव्यात गुण आहे त्यात अवगुणही असणारच. भस्मे आणि रसौषधी यांत पारा, शिसे व आर्सेनिक असू शकते, म्हणून ती प्राण्याला देऊच नयेत. अश्वगंधा थायरॉइडचे प्रमाण वाढवू शकते आणि गुंगी आणणाऱ्या औषधांचा परिणाम गडद करते. कोरफडीचा आतला गर आणि सालीलगतचा पिवळा चीक यांत फरक आहे; चीक पोटात गेला की जुलाब होतात. शल्लकी हा डिंक कुत्र्यांच्या सांध्यांवर काही छोट्या अभ्यासांत उपयोगी दिसला आहे, पण तोही माणसांच्या बाटलीतून अंदाजाने न देता प्राण्यांसाठी बनवलेल्या आणि घटक छापलेल्या औषधातूनच घ्यावा. लेबलावर "संपूर्ण नैसर्गिक" एवढेच लिहिले असेल आणि घटकांची यादी नसेल, तर ती बाटली दुकानातच ठेवावी.

कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने कुत्र्याला आंघोळ घालायला हरकत नाही. मांजराला घालू नये. पण गोचिडांवरचा उपाय म्हणून त्यावर विसंबू नये. आपल्याकडचा तपकिरी गोचीड आयुष्याचा मोठा भाग कुत्र्याच्या अंगावर काढतच नाही. तो भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे आणि पलंगाच्या सांध्यांत अंडी घालतो व वाढतो. आंघोळ तिथे पोचत नाही. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायच्या गोळ्या पशुवैद्याकडून घ्याव्यात आणि कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगावे.

आहाराच्या बाबतीत दोन चुका सतत दिसतात. घरी शिजवलेले अन्न उत्तम, अशा श्रद्धेने वाढत्या पिल्लाला केवळ चिकन आणि भात दिला जातो. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसते आणि पिल्लाची हाडे मऊ पडून वाकतात. दुसरी चूक मांजराला शाकाहारी ठेवण्याची. टॉरिन हे द्रव्य मांजराला प्राणिज अन्नातूनच मिळते. ते न मिळाल्यास तिचे हृदय सैल पडते आणि दृष्टी जाते. घरात मांसाहार चालत नसेल तर टॉरिन असलेले तयार खाद्य आणावे, आणि तेही मनाला पटत नसेल तर मांजर पाळू नये. घरचेच अन्न द्यायचे असेल तर त्याचे प्रमाण पशुवैद्याकडून लिहून घ्यावे.

वही

डाव्या पानावर रोजची नोंद आणि उजव्या पानावर औषधे, अशी आमच्या वहीची रचना आहे. नोंद करताना "बरा आहे" किंवा "आज जास्त दुखले" असे लिहून उपयोग होत नाही; मोजता येईल असेच काही निवडावे. बंड्यासाठी आम्ही खाली उतरताना पहिला थांबा कितव्या पायरीवर येतो हे मोजले. डाव्या पानावरची नोव्हेंबरातली एक ओळ अशी आहे: "पहिला थांबा ९ व्या पायरीवर. चटईवरून उठायला दोन प्रयत्न. जेवण पूर्ण. शी घट्ट, तपकिरी. सकाळच्या कॅप्सूलनंतर मागचे पाय जड, दुपारी ठीक." या एका ओळीवरून डॉक्टरांनी सकाळची मात्रा कमी केली. हृदयाचा आजार असलेल्या प्राण्यासाठी झोपेतले श्वास मोजावेत: छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक, असे अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावे, ही संख्या सतत तीसच्या वर जाऊ लागली तर त्याच दिवशी फोन करावा. खाजेच्या आजारात रात्री खाजवण्याने किती वेळा झोपमोड झाली हे लिहावे. ताप मोजायचा असेल तर कुत्र्या-मांजरांचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते हे पहिल्या पानावर लिहून ठेवावे, नाहीतर माणसाच्या हिशेबाने घाबरगुंडी उडते.

उजव्या पानावर प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, सुरुवातीची तारीख आणि देणाऱ्याचे नाव. हळद, तूप, तेल, टॉनिक, दुकानातल्या चघळण्याच्या काड्या, सगळे त्यात येते. एक नियम आम्ही कधी मोडत नाही: एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करायची, आणि तिचा परिणाम दिसायला जितके आठवडे लागतात तितके दिवस दुसरे काही बदलायचे नाही. घरातल्या ज्येष्ठांना हा नियम सुरुवातीला कोरडा वाटला. सासूबाईंना मी वही दाखवून म्हटले, "आई, तुमची गोळी नको म्हणत नाही, फक्त आधी इथे लिहू आणि डॉक्टरांना विचारू." त्यांनी स्वतःच्या अक्षरात गोळीचे नाव लिहिले, त्या माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या आणि डॉक्टरांनी ती का नको हे त्यांना समजावून सांगितले. आता वही बहुतेक वेळा त्याच लिहितात.

दवाखान्यात जाताना वही, सर्व बाटल्या व पाकिटे, आणि आधीचे रिपोर्ट न्यावेत. बाटलीचा फोटो काढताना घटकांची बाजू काढावी. पूरक उपचारांचा विषय आपणच काढावा. डॉक्टर रागावतील या भीतीने तो लपवणे सर्वांत घातक आहे. "हे देऊ का?" या प्रश्नापेक्षा "चालू औषधांबरोबर हे दिले तर कशावर लक्ष ठेवू, आणि किती दिवसांनी थांबवू?" असा प्रश्न विचारला की बहुतेक डॉक्टर मनापासून उत्तर देतात. दीर्घकाळ काही द्यायचे ठरले तर सुरुवातीला आणि नंतर ठरावीक अंतराने यकृत व मूत्रपिंडांची रक्ततपासणी करून घ्यावी. शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्व वनौषधी व पूरक गोळ्यांची यादी भूल देणाऱ्या डॉक्टरांना द्यावी. त्या साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगितले जाते. एकाहून अधिक डॉक्टर असतील तर मुख्य कोण हे ठरवून घ्यावे आणि सुया टोचणाऱ्यापासून फिजिओथेरपिस्टपर्यंत प्रत्येकाने केलेली नोंद त्या एका डॉक्टरांपर्यंत पोचवावी.

बंद कसे करावे

सुरू करणे सोपे असते. बंद करताना मन कचरते, कारण आपणच काहीतरी काढून घेत आहोत असे वाटते. त्यात आपल्या डोळ्यांवरही पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. पैसे आणि आशा गुंतली की मालकाला प्राणी सुधारलेला दिसतो, आणि पायाचा जमिनीवरचा दाब यंत्राने मोजला तर काहीच बदललेले नसते. लंगडणाऱ्या कुत्र्यांच्या चाचण्यांत हे वारंवार आढळले आहे. आम्ही यासाठी एक साधी युक्ती केली. दर रविवारी बंड्या जिना उतरतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला आणि महिन्याअखेरीस ते सर्व व्हिडिओ तारखा न सांगता, उलटसुलट क्रमाने, शेजारच्या मुलीला दाखवून चांगल्यापासून वाईटापर्यंत लावायला सांगितले.

माशाचे तेल आम्ही डिसेंबरात सुरू केले आणि फेब्रुवारीपासून आठवड्याला एक अशा अॅक्युपंक्चरच्या सहा बैठका झाल्या. सहाव्या बैठकीनंतर पहिला थांबा १४ व्या पायरीवर गेला होता आणि मला आनंदाने रडू आले होते. परंतु त्याच सहा आठवड्यांत त्याचे वजन आणखी दीड किलोने उतरले होते, हेही डाव्या पानावर होते. सुया टोचणाऱ्या डॉक्टरांनीच सुचवले की महिनाभर थांबून पाहू. आम्ही थांबलो, बाकी सर्व तसेच ठेवले. महिनाभर पहिला थांबा १४ व्या किंवा १५ व्या पायरीवरच राहिला आणि शेजारच्या मुलीने सुयांच्या दिवसांचे व नंतरचे व्हिडिओ एकमेकांत मिसळून लावले. म्हणून आम्ही बैठका पुन्हा सुरू केल्या नाहीत. त्या पैशांतून जिन्याच्या वळणांवर आणखी चार मॅट आल्या. शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्या पायऱ्यांना चिकटवल्या आहेत, आणि बंड्या आता दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापाशी एकदाच बसतो.